पुसलेले जाते कुठे?

संगणकावर लिहायचे ते विज्ञान शाखेच्या मुलांनी, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फार तर सहकारी पतसंस्थांवर किंवा अंदाजपत्रकावर लिहावे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. या अंकासाठी मी कशावर लिहितो आहे हे ऐकून कन्नड विभागाकडे लेख देणारा माझा एक वर्गमित्र हसला व म्हणाला, "निनग्याक बेकु अदु?" म्हणजे, तुला कशाला हवे ते? त्याला मी तेव्हा दिलेले उत्तर अर्धवट होते. ते येथे जरा विस्ताराने देतो.

गेल्या श्रावणात मी आत्याकडे धारला गेलो होतो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. तिकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही आहेत, आणि आत्या अशाच एका घरात दिलेली आहे. आत्याच्या यजमानांना आम्ही आमच्याकडील रीतीप्रमाणे मामा म्हणतो. धारच्या मंडळींना त्याची मोठी गंमत वाटते. त्यांचा मुलगा, माझा दादा, धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मांडूला सात खोल्यांची एक लॉज चालवतो. पावसाळा हा मांडूचा हंगाम. पठार हिरवेगार होते, तळी भरतात, जहाज महालाच्या दोन्ही अंगांना पाणी चढते आणि इंदूरकडून माणसांची रीघ लागते. येणाऱ्यांची छायाचित्रे व चित्रफिती काढून देणे हा दादाचा जोडधंदा आहे, आणि खरे सांगायचे तर लॉजपेक्षा त्यातच त्याचे मन अधिक रमते.

हे सर्व तो दोन टेराबाइटच्या एका लहानशा साठवण-पेटीत ठेवतो. पेटी लॉजच्या गल्ल्यामागे, देवाच्या फळीखाली आहे. तीत लॉजचे हिशेब आहेत, चित्रफिती आहेत, आणि आणखी एक गोष्ट होती. मामांच्या आजोबांनी मोडीत लिहिलेल्या घरच्या रोजकिर्दी दादाने तीन वर्षांपूर्वी स्कॅन करून घेतल्या होत्या. पुढच्याच पावसाळ्यात धारच्या घराचे छप्पर गळून मूळ वह्यांचा लगदा झाला. आता त्या वह्या म्हणजे पेटीतील ती चित्रेच.

मी पोहोचलो त्या दिवशी पेटी भरली होती. पेटी भरली म्हणून दादाने दहा दिवसांपूर्वी जुन्या लग्नांच्या सहाशे जीबी चित्रफिती पुसून टाकल्या होत्या. यादीतून त्या गेल्या, पण रिकामी जागा होती तेवढीच राहिली. त्याने आणखी काही पुसले, तरी तेच. "बँकेतून पैसे काढले आणि शिल्लक तीच, असं कधी होतं का रे?" त्याने मला विचारले. ज्याने पेटी बसवून दिली होती त्याला फोन केला, तर तो म्हणाला की सगळी पेटी साफ करून नव्याने मांडू, काम अर्ध्या तासाचे आहे. दादा जवळजवळ तयारही झाला होता.

पेटीच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर कारण सापडले. स्नॅपशॉट दर तासाला एक, ठेवण्याची मुदत चाळीस दिवस. चाळीस गुणिले चोवीस, म्हणजे ९६० स्नॅपशॉट तीत साठले होते. दादाला त्याची कल्पनाच नव्हती.

स्नॅपशॉट म्हणजे काय हे त्याला कसे सांगावे, हे मला प्रथम सुचेना. या शब्दाने घोटाळा होतो. फोटो काढला की मूळ वस्तूची दुसरी प्रत तयार होते, तेव्हा स्नॅपशॉट म्हणजेही साऱ्या फाइलींची दुसरी प्रत, असे आपण धरून चालतो. तसे असते तर दोन टेराबाइटच्या पेटीत ९६० काय, दोनही मावले नसते. स्नॅपशॉट ही प्रत नव्हे. ते एक वचन आहे: या क्षणी जे जिथे लिहिलेले आहे ते इथून पुढे पुसायचे नाही. वचन द्यायला काही खर्च येत नाही, म्हणून स्नॅपशॉट क्षणात निघतो. खर्च येतो तो ते पाळताना.

संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून आम्ही जामी मशिदीसमोरच्या अशर्फी महालाकडे फिरायला गेलो, आणि तिथे मला उदाहरण मिळाले. हा महाल मुळात मदरसा होता. मधे चौक, भोवती खोल्या. पुढे महमूद खलजीने (राज्यकाल १४३६ ते १४६९) याच मदरशाच्या चौकात भराव घालून वर आपली कबर बांधवली. एका कोपऱ्यावर सात मजली विजयस्तंभही उभा केला. आज मदरसा धड पाहता येत नाही, कबरीची इमारत पडून गेलेली आहे, आणि सात मजल्यांपैकी खालचा एकच शिल्लक आहे. जुन्याच्याच जागेवर नवे बांधले, आणि दोन्ही हातचे गेले. पण हे मांडूत सगळीकडे झालेले नाही. होशंगशहाची संगमरवरी कबर एकीकडे, हिंदोळा महाल व जहाज महाल दुसरीकडे, दक्षिणेला रेवाकुंडाजवळ बाजबहादुराचा महाल. पठार ऐसपैस होते; नव्यासाठी बहुधा नवी जागा पाहिली गेली, म्हणून जुने आपल्या जागी उभे राहिले.

संगणकातील फाइल साठवण्याच्या पद्धतीतही हेच दोन मार्ग आहेत. फाइल ही सलग वस्तू नसते. ती ठरावीक मापाच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, साठवलेली असते; पुष्कळ ठिकाणी हे माप चार किलोबाइट असते. जुन्या पद्धतीत फाइलीतील एखादा ब्लॉक बदलला की नवा मजकूर त्याच ब्लॉकवर लिहिला जातो. अशर्फी महालाची रीत ती. दुसऱ्या पद्धतीत बदललेला ब्लॉक नेहमी रिकाम्या जागी लिहितात आणि जुना तसाच सोडतात. कोणाला तो नको असेल तरच ती जागा पुन्हा वापरात येते. हिला सरसकट 'कॉपी ऑन राइट' असे नाव पडले आहे, जरी काटेकोरपणे ते नाव तिसऱ्याच एका प्रकाराला शोभते. त्या प्रकारात नवे जागच्या जागीच लिहितात, पण आधी जुना ब्लॉक उचलून वेगळ्या राखीव कोठारात नेऊन ठेवतात. लिनक्समधील एलव्हीएमचे साधे स्नॅपशॉट असे चालतात. त्यात एका लिहिण्यामागे एक वाचणे व दोनदा लिहिणे पडते, आणि राखीव कोठार भरले की स्नॅपशॉट निकामी होतो.

आता जुने जपायचे तर ते कुठे आहे हे तरी कसे कळते? येथे माझी वाणिज्य शाखा कामी आली. रोजकिर्दीतील नोंदी खतावणीत जातात, खतावणीची तेरीज निघते, तेरिजेवरून ताळेबंद होतो. समजा, प्रत्येक वरच्या कागदावर खालच्या कागदांचे पानांक लिहिले आहेत, आणि आपला नियम असा की लिहिलेले पान कधी खोडायचे नाही, दुरुस्ती करायची ती कोऱ्या पानावर. रोजकिर्दीचे एक पान बदलले, तर नवे पान लिहावे लागेल. त्याचा पानांक बदलला म्हणून खतावणीचे एक पान नवे होईल. त्यामुळे तेरीज नवी, आणि ताळेबंद नवा. चार पाने नवी झाली. उरलेली हजार पाने जुनीच, आणि नवा ताळेबंदही त्यांच्याकडेच बोट दाखवतो. जुना ताळेबंद आपण फाडला नाही, तर त्यावरून उतरत उतरत कालचा सगळा हिशेब जसाच्या तसा वाचता येतो.

तो जपून ठेवलेला जुना ताळेबंद म्हणजे स्नॅपशॉट. फाइल सिस्टीम म्हणजे अशा बोट दाखवणाऱ्या पानांचे एक झाड असते, आणि त्याचे मूळ जपले की सारे झाड जपले जाते. (ही उपमा एका जागी लंगडी आहे. आपल्या ताळेबंदावरून गोदामातला विकलेला माल परत आणता येत नाही. स्नॅपशॉटवरून येतो, कारण माल गोदामातून हललेलाच नसतो.)

ही युक्ती तशी नवी नाही. डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ साली आपल्या 'वॅफल' या फाइल सिस्टीमची रचना एका निबंधात मांडली. त्या नावातच 'कुठेही लिहा' हा अर्थ आहे. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस २००५ मध्ये खुली झाली. बीटीआरएफएसचे काम ऑरॅकलमध्ये ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये सुरू केले व २००९ मध्ये ती लिनक्समध्ये आली. अ‍ॅपलच्या संगणकांतही २०१७ पासून या जातीची फाइल सिस्टीम आहे. दादाची पेटी बीटीआरएफएसवर चालते.

आता दादाच्या प्रश्नाकडे वळतो. पुसलेल्या चित्रफितींची जागा गेली कुठे?

एक लहान हिशेब मांडू. एका फाइलीचे चार ब्लॉक आहेत: क, ख, ग, घ. सोमवारी पहिला स्नॅपशॉट घेतला. मंगळवारी ख बदलला. नवा ब्लॉक ख-दोन दुसरीकडे लिहिला गेला. आता डिस्कवर पाच ब्लॉक आहेत. बुधवारी दुसरा स्नॅपशॉट घेतला. गुरुवारी आपण फाइलच पुसून टाकली. चालू यादीत आता काही नाही, पण डिस्कवर पाचही ब्लॉक जागेवर आहेत, कारण पहिल्या स्नॅपशॉटला क, ख, ग, घ हवे आहेत आणि दुसऱ्याला क, ख-दोन, ग, घ.

अशा वेळी काही फाइल सिस्टीमना विचारले की कोणता स्नॅपशॉट किती जागा खातो, तर उत्तर येते: पहिला एक ब्लॉक, दुसरा एक ब्लॉक. बेरीज दोन. प्रत्यक्षात अडकलेले पाच. तीन ब्लॉकांचा हिशेब लागत नाही! तेरीज जुळली नाही की आम्हा वाणिज्यवाल्यांच्या पोटात गोळा येतो, तसे माझे झाले. उलगडा असा, की स्नॅपशॉटच्या नावापुढे जो आकडा येतो तो फक्त त्याच्या एकट्याच्या मालकीच्या ब्लॉकांचा. क, ग, घ हे दोघांचे सामाईक आहेत, म्हणून ते कोणाच्याच नावावर दिसत नाहीत. चार वाटेकऱ्यांच्या विहिरीतून एकाने आपला वाटा सोडला म्हणून विहीर बुजत नाही. शेवटचा सोडील तेव्हाच ती मोकळी होते. येथे पहिला स्नॅपशॉट काढून टाकला तर एकच ब्लॉक सुटेल, आणि लगेच दुसऱ्याच्या नावापुढे एकाऐवजी चार हा आकडा दिसू लागेल. त्याने जास्त खाल्ले असे नाही. सामाईक मिळकतीचा तो आता एकटा धनी झाला, एवढेच.

कोणत्या ब्लॉकचे वाटेकरी संपले हे यंत्राला कळण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत, आणि स्नॅपशॉट किती स्वस्त पडतील हे त्यांवर ठरते. १९९४ च्या वॅफलमध्ये हजेरीपट होता. प्रत्येक ब्लॉकसमोर ३२ खुणांची ओळ, पहिली खूण चालू फाइल सिस्टीमची, पुढच्या एकेका स्नॅपशॉटच्या. सगळ्या खुणा उतरल्या की ब्लॉक मोकळा. साधी सोय, पण स्नॅपशॉट वीसच ठेवता येत. बीटीआरएफएस वाटेकऱ्यांची संख्या मोजून ठेवते. ही पद्धत लवचिक आहे, मात्र स्नॅपशॉट शेकड्यांनी वाढले की मोजदाद जड होत जाते. झेडएफएसची तऱ्हा मला सर्वांत देखणी वाटली. तीत प्रत्येक ब्लॉकचा जन्मक्रमांक नोंदलेला असतो. ब्लॉक पुसताना यंत्र एवढेच पाहते: याचा जन्म शेवटच्या स्नॅपशॉटच्या आधीचा की नंतरचा? नंतरचा असेल तर त्याला कोणत्याही स्नॅपशॉटने पाहिलेले असणे शक्यच नाही, तेव्हा तो तत्काळ मोकळा. आधीचा असेल तर तो एका मृतांच्या यादीत जातो, आणि पुढे एखादा स्नॅपशॉट काढताना त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहिले की काम भागते. सगळ्या स्नॅपशॉटांची दारे ठोठवावी लागत नाहीत.

हे सगळे मला आज नीट सांगता येते. त्या दिवशी येत नव्हते, आणि त्यापायी जे घडता घडता राहिले ते आता सांगतो.

दादाला मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "साफबीफ काही करायला नको. जुने स्नॅपशॉट काढून टाकू, जागा होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहुण्यांच्या चहात गुंतला असताना मी सर्वांत जुन्यापासून सुरुवात केली. एका दिवसाचे चोवीस, असे दिवसामागून दिवस काढत गेलो. पंचवीस दिवसांचे, म्हणजे सहाशे स्नॅपशॉट गेले. जागा झाली जेमतेम चाळीस जीबी. मला राग येऊ लागला. सहाशे जीबी कुठे दडून बसले आहेत? मी आणखी वेगाने काढण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात मामा वर आले. ते धारहून सकाळच्या बसने आले होते. त्यांना आजोबांच्या रोजकिर्दीतील एक पान पाहायचे होते. धार ते मांडू बैलगाडीचे भाडे पूर्वी किती पडे यावरून त्यांची व शेजारच्या एका गृहस्थांची पैज लागली होती. मी म्हणालो, "मामा, बसा, आत्ता दाखवतो." आणि स्कॅनचा फोल्डर उघडायला गेलो, तर फोल्डरच नाही.

दादाला हाक मारली. त्याने कपाळाला हात लावला. फोल्डरचे नाव त्याने 'जुने' असे ठेवले होते. लग्नांच्या जुन्या चित्रफिती होत्या त्याच रांगेत. दहा दिवसांपूर्वीच्या सफाईत त्याने चित्रफितींबरोबर तोही पुसला होता.

मामा काही बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत बसले. मी स्क्रीनकडे पाहत होतो आणि माझ्या डोक्यात तो चार ब्लॉकांचा हिशेब पहिल्यांदा लख्ख उतरला. सहाशे जीबी चित्रफिती व 'जुने' फोल्डर एकाच दिवशी पुसले गेले. दहा दिवसांपूर्वीच्या त्या सफाईपर्यंतच्या प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये दोन्ही आहेत. नंतरच्या एकाही नाही. मी जुन्यापासून काढत आलो म्हणून काही सुटत नव्हते, कारण पुढचा स्नॅपशॉट तेच ब्लॉक धरून होता. आता सफाईच्या आधीचे पाच दिवसांचे, म्हणजे १२० स्नॅपशॉट उरले होते. ते संपेपर्यंत जागा जवळजवळ वाढली नसती. शेवटचा काढल्यावर ती एकदम सहाशे जीबींनी वाढली असती, मी आनंदाने टाळी वाजवली असती, आणि त्याच क्षणी आजोबांच्या वह्या कायमच्या गेल्या असत्या.

मी त्या १२० मधला शेवटचा स्नॅपशॉट उघडला. 'जुने' होते. आधी सगळी पाने माझ्या लॅपटॉपवर घेतली, मग एका पेनड्राइव्हवर, मग पेटीत परत जागेवर ठेवली, आणि एकेक उघडून पाहिली. त्यानंतरच ते १२० काढले. जागा मोकळी झाली, ती सहाशे जीबींहून थोडी अधिकच.

पुढचे दोन दिवस आम्ही पेटीची व्यवस्था नव्याने लावली. त्यातील बऱ्याच गोष्टी ज्यांच्याकडे अशी पेटी किंवा असा संगणक आहे त्यांच्या उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, किती स्नॅपशॉट ठेवायचे. सगळे सारख्या दाटीने ठेवण्यात अर्थ नाही. आज सकाळी बिघडलेला हिशेब तासाच्या फरकाने हवा असतो. सहा महिन्यांपूर्वीचा महिन्याच्या फरकाने चालतो. म्हणून शेवटच्या दिवसाचे तासागणिक २४, आठवड्याचे रोज एक असे ७, त्यामागचे आठवड्यागणिक ४, आणि वर्षाचे महिन्यागणिक १२, असे ठरवले. एकूण ४७. दर तासाला एक घेऊन वर्षभर सगळे राखले असते तर ८,७६० झाले असते. मधले स्नॅपशॉट काढले तर साखळी तुटेल, अशी दादाला भीती होती. तसे होत नाही. प्रत्येक स्नॅपशॉट आपल्यापुरता पूर्ण ताळेबंद आहे, तो मागच्या-पुढच्यावर टेकलेला नाही. एकच गोष्ट हातची जाते: दोन राखलेल्या स्नॅपशॉटांच्या मधल्या काळात जन्मून मधेच पुसलेली फाइल. ती पुन्हा मिळत नाही.

पण हा एकच नियम सगळ्या पेटीला लावणे ही मूळ चूक झाली असती, आणि माझ्या मते जागेच्या काटकसरीची खरी किल्ली इथेच आहे. स्नॅपशॉटचा खर्च माल किती आहे यावर नसतो, तो किती बदलतो आणि किती पुसला जातो यावर असतो. आजोबांची पाने कधीच बदलत नाहीत. त्यांचे वर्षभराचे स्नॅपशॉट ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही. चित्रफिती रोज येतात, जोडल्या-कापल्या जातात, गिऱ्हाइकाला दिल्या की पुसल्या जातात. त्यांचा महिन्याचा एक स्नॅपशॉट धरून बसला तर सहाशे जीबी वर्षभर अडकतील. म्हणून पेटीचे वेगवेगळे उपखंड केले. हिशेबाला ४७ चा नियम. जुन्या कागदांना रोज एक, पण मुदत बारा महिने. तयार चित्रफितींना फक्त सात दिवस. आणि चित्रफिती जोडताना यंत्र ज्या तात्पुरत्या फाइली निर्माण करते त्यांना स्नॅपशॉट मुळीच नाही. या तात्पुरत्या फाइलींचीच भुते त्या चाळीस जीबींत सर्वांत जास्त होती.

पेटी काठोकाठ भरू द्यायची नाही, हाही एक नियम. नवे नेहमी रिकाम्या जागी लिहायचे असल्यामुळे अशा फाइल सिस्टीमला पुसण्याची नोंद करायलासुद्धा थोडी कोरी जागा लागते. मांडूला नदी नाही. सारे पाणी पावसाचे, तळ्यांत व बावड्यांत धरून ठेवलेले. तिथे राहणाऱ्या दादाला साठ्याची ही भाषा लगेच पटली, आणि पाचवा हिस्सा कोरा ठेवायचा हे त्यानेच ठरवले.

हिशेबाच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी पाहाव्या लागतात. स्नॅपशॉट ज्या क्षणी निघतो तो क्षण व्यवहाराच्या मधलाही असू शकतो: एका खात्याला जमा झाली, दुसऱ्याला नावे पडायची आहे, आणि तेवढ्यात दार बंद झाले. चांगला हिशेबाचा प्रोग्राम अशी अर्धी नोंद पुन्हा उघडताना स्वतः निस्तरतो, पण त्यावर विसंबू नये म्हणून रात्री प्रोग्राम बंद केल्यावर एक वेगळा स्नॅपशॉट घेण्याची सोय केली. दुसरे असे की, कायद्याला स्नॅपशॉट पुरत नाहीत. जीएसटीखाली हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही, अशी व्यवस्था ठेवणे भाग आहे. दोन स्नॅपशॉटांच्या मधे कोणी आकडा बदलून परत पूर्ववत केला तर स्नॅपशॉटला त्याचा पत्ताही लागत नाही. दादाची लॉज कंपनी नाही. तरी वर्षअखेरचे हिशेब वेगळ्या जागी काढून ठेवायला मी त्याला लावले.

वेगळी जागा म्हणताना दादा म्हणाला, "पण आता पेटीत एवढे स्नॅपशॉट आहेत की." हा गैरसमज सर्वांत घातक आहे. पेटीतले सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवरच्या त्याच ब्लॉकांकडे बोट दाखवत असतात. डिस्क गेली की मूळही गेले आणि सगळी बोटेही गेली. मांडूला पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा गल्ल्यावरचा दिवा कसा लपलपतो हे मी पाहिले आहे. तेव्हा एक बाहेरची डिस्क घेतली. येथेही स्नॅपशॉटचा एक उपयोग होतो. पहिल्यांदा सगळा माल पाठवला, की पुढच्या वेळी फाइल सिस्टीम मागचा व आजचा असे दोन स्नॅपशॉट ताडून फक्त फरक पाठवते. आमचा पहिला खेप रात्रभर चालला. दुसऱ्या रविवारचा फरक चहा होईपर्यंत उरकला.

पंधराव्या शतकाच्या आरंभी होशंगशहाने माळव्याची राजधानी धारहून मांडूला हलवली, असा इतिहास आहे. दादाची डिस्क आता दर रविवारी उलट दिशेने, मांडूहून धारला जाते, आणि आत्याच्या कपाटात लुगड्यांच्या घडीखाली राहते. छप्पर दुरुस्त झाले आहे.

मामांचे पानही मिळाले. तारीख आहे, गाडीवानाचे नाव आहे, पुढे 'भाडे' असेही लागते. आकडा मात्र त्यांना लागत नाही. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी देवासला आहेत, त्यांना ते पान पाठवले आहे. पैज अजून मोकळी आहे.